ओट्यावरची गिरणी, वाढलेली घरपट्टी आणि हरकतीचे 30 दिवस

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात एका दादांचं 640 चौरस फुटांचं वडिलोपार्जित घर आहे. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, गिरणीसमोर ओटा, मागे कुटुंब राहतं. घरपट्टी आजवर 2,340 रुपये यायची. यंदा फेरआकारणीची नोटीस आली, तिच्यात आकडा 13,871. शेजारच्या गल्लीतल्या किराणावाल्याला याच्या निम्मेही नाहीत. शिवाय बाजारपेठेत त्यांचं एक लहान गोदाम दीड वर्षापासून रिकामं पडलंय, त्याचंही पूर्ण बिल आलंय. दादा विचारतात, लहान धंद्याला घरपट्टीत सूट असते का? उद्यम प्रमाणपत्र (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) काढलं तर उपयोग होईल का? व्यापारी मंडळी मोर्चा काढणार आहेत, तोवर थांबावं का?

मी आधी काही वर्षं एका नगरपालिकेच्या कर विभागात होतो, आता गेली बरीच वर्षं याच विषयाचा सल्ला देतो. म्हणजे नोटीस काढणारा हात आणि नोटीस घेऊन येणारा हात, दोन्ही पाहिलेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला घड्याळ लागलंय. थांबू नका. नोटीस हातात पडली ती तारीख कॅलेंडरवर मांडा. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 119 खाली हरकतीला किमान 30 दिवस मिळतात, आणि तुमच्या सगळ्या भांडणाचा जीव त्या 30 दिवसांत आहे. मोर्च्यात जा, निवेदनावर सही करा, पण तुमच्या नावाची, तुमच्या मालमत्ता क्रमांकाची वेगळी लेखी हरकत आवक विभागात देऊन पोच घेतलीच पाहिजे. दोनशे सह्यांचं निवेदन म्हणजे दोनशे हरकती होत नाहीत. सुनावणीला नाव पुकारतात ते ज्यानं स्वतःचा अर्ज दिला त्याचंच.

आता सुटीचं. महाराष्ट्रात नुसता धंदा लहान आहे म्हणून घरपट्टी माफ किंवा कमी, असा सरसकट नियम नाही. लोकांच्या डोक्यात 500 चौरस फुटांची माफी पक्की बसलीय. ती मुंबईची, 2022 पासूनची आणि फक्त राहत्या घरांना. आपल्याकडे ना ती लागू, ना ती दुकानाची. माजी सैनिकांची माफीही राहत्या एका घरापुरती. उद्यम प्रमाणपत्राचे फायदे बँकेत, सरकारी खरेदीत, थकलेली बिलं वसूल करण्यात असतील, घरपट्टीत नाहीत. ज्यांना खरोखर दरात सवलत मिळते ते वेगळेच आहेत. आयटी धोरणाखाली नोंदलेल्या घटकांना निवासी दरानं आकारणी, पर्यटन विभागाकडे नोंदलेल्या हॉटेलांना औद्योगिक दरानं, तेही 2021 पासून. तोरणमाळसारख्या थंड हवेच्या ठिकाणी कुणी पाहुण्यांसाठी खोल्या काढत असेल तर त्यानं ही चौकशी जरूर करावी. गिरणी, सलून, शिलाई, पंक्चर, झेरॉक्स यांच्यासाठी असं काही नाही.

मग काहीच मिळणार नाही का? मिळेल, आणि सुटीपेक्षा जास्त मिळेल. पण ते मागायचं नाव सूट नाही, दुरुस्ती आहे. माझ्याकडे येणाऱ्या लहान दुकानदारांच्या नोटिशींत दर चुकलेला क्वचित असतो. चुकतं ते माप, चुकतो वापर, चुकतो बांधकामाचा प्रकार. आणि हे तिन्ही तुम्ही स्वतः टेप घेऊन सिद्ध करू शकता.

तुमचीच नोटीस घ्या. तिच्यात 640 चौरस फूट म्हणजे 59.46 चौरस मीटर, सगळंच्या सगळं अनिवासी, आरसीसी, दर महिना चौरस मीटरला 54 रुपये असं धरलंय. बारा महिन्यांचे झाले 38,530. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे असतात, ते केलेत, राहिले 34,677. हे तुमचं करयोग्य मूल्य. त्यावर एकत्रित मालमत्ता कर 24 टक्के, शिक्षण कर 12, रोजगार हमी कर 3, वृक्ष कर 1. एकूण 40 टक्के, म्हणजे 13,871. गुणाकार अगदी बरोबर आहे. कारकुनाची, संगणकाची काही चूक नाही. चूक पहिल्या ओळीत आहे: तुमची आई ज्या खोलीत झोपते ती खोलीही गिरणी धरलीय.

हे होतं कसं, तेही सांगतो. आता बहुतेक ठिकाणी जीआयएस सर्वेक्षण, म्हणजे संगणकी नकाशावर घरोघरची नोंद, खाजगी एजन्सीकडून होतं. पोरं टॅब घेऊन येतात, दिवसाला इतकी घरं असं त्यांचं टार्गेट. दारात गिरणीचा पट्टा फिरताना दिसला, पाटी दिसली, की वापराच्या रकान्यात 'अनिवासी' दाबून मोकळे. घराची दोन भागांत नोंद करायची तर दोन वेळा माप, दोन वेळा फोटो. कोण करतो? मला त्या पोरांचा राग येत नाही, दर घरामागे त्यांना मिळतं ते मला माहीत आहे. पण त्याचा भुर्दंड तुम्ही पुढची चार वर्षं का भरायचा?

आता हेच नीट मांडू. गिरणीची खोली 10 बाय 14, म्हणजे 140 चौरस फूट, 13.01 चौरस मीटर. 54 रुपयांनी वर्षाचे 8,430, दहा टक्के गेले की 7,587. मागचं राहतं घर 450 चौरस फूट, 41.81 चौरस मीटर. तुमच्याच नोटिशीच्या मागच्या पानावर निवासी दर 18 रुपये छापलाय. त्यानं वर्षाचे 9,031, वजावटीनंतर 8,128. गिरणीच्या भागावर 40 टक्के म्हणजे 3,035. घराच्या भागावर मात्र 40 नाही. राज्याचा शिक्षण कर करयोग्य मूल्य 6,000 च्या वर गेलं की अनिवासीला 12 आणि निवासीला 6 टक्के, आणि रोजगार हमी कर निवासी भागाला मुळी लागतच नाही. म्हणून तिथे 24, 6 आणि 1 मिळून 31 टक्के, म्हणजे 2,520. बेरीज 5,555. तेरा हजार आठशे एक्काहत्तरचे साडेपाच हजार झाले, कुणाकडे पदर न पसरता.

जाता जाता एक खूण सांगतो. कुणाच्याही घरपट्टीच्या बिलात 'रोजगार हमी कर' असा रकाना भरलेला दिसला की समजायचं, पालिकेनं काहीतरी अनिवासी धरलंय. निव्वळ राहत्या घराच्या बिलात हा आकडा आला तर तो एकच कागद घेऊन उभं राहिलात तरी पुरे. आणि शिक्षण कर व रोजगार हमी कर हे 1962 च्या राज्य कायद्याचे पैसे. पालिका ते सरकारसाठी गोळा करते, तिच्या हातात ते माफ करणं नाही. उद्या सभागृहानं ठराव करून पालिकेच्या करात काही सवलत दिली, तरी हे दोन तसेच राहतात. भाषणात 'निम्मी घरपट्टी माफ' ऐकून आलेले लोक बिल पाहून चिडतात ते यामुळे.

ओट्याचं काय करायचं? वर 140 आणि 450 मिळून 590 झाले, उरलेले 50 चौरस फूट म्हणजे 10 बाय 5 चा ओटा. मागे एकदा सुनावणीच्या दालनात माझ्या शेजारी एक म्हातारे सायकलवाले बसले होते, हातात टोपी, टोपीत नोटीस. अधिकाऱ्यानं माप वाचून दाखवलं तसे ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाऊ, ओटाना बी टॅक्स लेतस का?" प्रश्न भोळा वाटतो, पण सुनावणीतला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. उघडा, तीन बाजूंनी मोकळा, वर छप्पर नसलेला ओटा म्हणजे बांधीव क्षेत्र नाही. त्यावर पत्रा टाकून खाली माल मांडला तर मात्र तो धंद्याच्या वापरात आला, असं अधिकारी म्हणणार, आणि तो चुकीचा नसेल. सायकलवाल्यांच्या ओट्यावर पत्रा नव्हता, फोटोत स्पष्ट दिसत होतं, त्यांचा ओटा आकारणीतून वगळला गेला. तुमच्या ओट्यावर काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पत्रा असेल तर ओटा धरूनही तुमची पट्टी 6,639 च्या आसपास येईल. हरकतीत खोटं लिहू नका, कारण लिपिक स्थळपाहणीला येतो. एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या चार खऱ्या ओळींवरचा विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट बांधकामाचा प्रकार. गिरणीच्या खोलीवर स्लॅब आहे की पत्रे? आपल्याकडे जुन्या घरांत मागे धाबं किंवा स्लॅब आणि पुढची गिरणीची खोली नंतर काढलेली, वर पत्रे, असं पुष्कळ असतं. पत्र्याच्या बांधकामाचा दर वेगळा आणि कमी असतो. तुमच्या दरपत्रकात तो 36 दिसतो. गिरणी पत्र्याखाली असेल तर 3,035 च्या जागी साधारण 2,000. आणखी हजार रुपये गेले. आणि माप घेताना नोटिशीत क्षेत्र चटई (भिंती सोडून आतलं) धरलंय की बांधीव (भिंतींसकट), ते वाचा. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटी. बाहेरून बाहेर टेप धरली की लहानशा खोलीतसुद्धा भिंतीच तीस-चाळीस फूट खातात.

पुरावे फार लागत नाहीत. हाताने काढलेला नकाशा चालतो, फक्त प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी आणि वापर लिहा. गिरणीला वेगळं वीज मीटर असेल तर दोन्ही बिलं जोडा. महावितरण गिरणीला औद्योगिक दर लावते आणि मागच्या घराला घरगुती, हे पालिकेवर बंधनकारक नाही, पण एकाच छताखाली दोन वापर आहेत हे त्याइतकं चोख दुसरा कुठलाच कागद सांगत नाही. घरातल्यांची रेशन कार्डं, गॅसची पावती, चारही बाजूंचे फोटो. तुमच्या पालिकेच्या दरपत्रकात 'वाणिज्य' आणि 'औद्योगिक' असे दोन रकाने वेगळे असतील तर गिरणीला औद्योगिक दर मागायलाही हेच वीजबिल कामाला येतं.

कागद हाती नसतील तर आकारणी नोंदवहीतला तुमच्या मालमत्तेचा उतारा आणि सर्वेक्षणाचा मोजणी तक्ता मागा. आधी साधा अर्ज करा. नाही दिला तर माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पण माहिती अधिकाराला उत्तराची मुदतही 30 दिवस आणि तुमच्या हरकतीची मुदतही जवळपास तितकीच. म्हणून 'माहिती मिळाल्यावर हरकत देऊ' ही चूक करू नका. हरकत आज द्या, त्यात लिहा की उतारा मागितला आहे, मिळाल्यावर जादा मुद्दे मांडण्याचा हक्क राखून ठेवतो.

आता तो शेजारच्या गल्लीतला किराणावाला. सुनावणीत निम्मे लोक हाच मुद्दा घेऊन येतात: 'त्याला कमी, मला जास्त'. ह्याचं पुढे काय होतं ते बघा. अधिकारी लिहून घेतो, लिपिकाला सांगतो, त्या किराणावाल्याची फाईल काढ. त्याचं माप खरंच कमी नोंदलेलं असेल तर त्याला वाढीव नोटीस जाते. तुमचं बिल मात्र एक रुपयानं हलत नाही, कारण दुसऱ्याला चुकून मिळालेला फायदा हा तुमचा हक्क होत नाही. तुम्ही पट्टी तेवढीच भरणार आणि शिवाय गल्लीत वैरी करून बसणार. शेजाऱ्याचं उदाहरण एकाच ठिकाणी उपयोगी: झोन, म्हणजे दरासाठी पाडलेले गावाचे भाग. एकाच रस्त्यावरची, तशीच, तेवढीच दुकानं, आणि झोनची हद्द तुमच्या भिंतीवरून गेल्यामुळे दर वेगळा. तेव्हा नाव न घेता नकाशावर बोट ठेवा.

सुनावणी नगररचना विभागाचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी घेतो. हा माणूस बहुधा बाहेरगावचा, दिवसाला शे-दीडशे हरकती ऐकणारा. तुम्हाला मिळतील तीन-चार मिनिटं. महागाई, मंदी, मुलीचं लग्न, गिरणीचं दळण कमी झालंय, हे सगळं खरं असेल, पण त्याच्या अधिकारात त्यातलं काही येत नाही. 'साहेब, 640 पैकी 140 गिरणी, 450 राहतं, हा नकाशा, ही दोन वीजबिलं' एवढं म्हणा आणि कागद पुढे करा. मी तिकडच्या बाजूला बसलो तेव्हा पाहिलंय, असा माणूस आला की साहेबही खूश होतात. पेन लगेच चालतं.

गिरणीची खोली परवानगी न घेता काढलेली असेल तर मात्र जरा जपून. अनधिकृत बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावण्याची तरतूद आहे. राहत्या लहान घरांना तिच्यात सूट दिली गेली, दुकानाला ती नाही. म्हणून हरकतीत 'ही खोली नंतर अमुक साली वाढवली' असली अनावश्यक माहिती स्वतः होऊन लिहू नका. खोटं नको म्हणालो, पण न विचारलेलं सांगायलाही कुणी सांगितलेलं नाही.

हरकत फेटाळली गेली तर पुढे अपील आहे. कलम 169 खाली मालमत्ता मूल्यनिर्धारण अपील समिती. पण अपिलाच्या दारावर तीन कुलुपं आहेत. बिल हाती आल्यापासून 15 दिवसांत अपील. त्याआधी वेळेत लेखी हरकत दिलेली असणं. आणि बिलाची रक्कम आधी पालिकेत भरलेली असणं. दुसऱ्या कुलपाची किल्ली म्हणजे ती पोच. म्हणून सुरुवातीलाच 30 दिवस, 30 दिवस करत होतो. जळगाव आणि धुळे, दोन्ही शहरांत 2003 पासून महानगरपालिका आहे, तिथे कायदा वेगळा, 1949 चा. अपील कलम 406 खाली न्यायालयात जातं, पण तीन कुलुपं तीच: आधी तक्रार, 15 दिवस, वादातली रक्कम भरणं. तिथे हरकतीची मुदत नोटिशीवर छापलेली असते, ती पाळा, आमचे 30 दिवस धरून बसू नका. कुणी सांगेल ग्राहक आयोगात जा. कराची आकारणी ही तुम्ही विकत घेतलेली सेवा नव्हे, ते प्रकरण तिथे टिकत नाही. कुणी सांगेल थेट औरंगाबाद खंडपीठात रिट करा. संघटनेनं दरवाढीच्या पद्धतीलाच आव्हान द्यायचं असेल तर ठीक, एका गिरणीच्या आठ हजारांसाठी नाही. वकिलाची फी आणि एसटीची तिकिटं मोजा.

रक्कम भरताना एक काम करा. ऑनलाइन भरलं तर पावतीवर काही लिहिता येत नाही, म्हणून त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र आवकला द्या: 'हरकतीतील हक्क अबाधित ठेवून भरणा केला आहे.' भरायचंच नाही, लढायचं, हा पवित्रा ऐकायला मर्दानी वाटतो. पण थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, वर्षाला चोवीस. मी अशी दुकानं पाहिलीत जिथे मूळ कर चाळीस हजार आणि शास्ती तीस.

त्या शास्तीवरून लोकअदालतीची आठवण झाली. पालिका थकबाकीदारांना राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस पाठवते, तिथे शास्तीत चांगली सवलत मिळते, आणि ज्याचा मूळ कराबद्दल वाद नाही त्यानं डोळे मिटून जावं. थकबाकीवरची शास्ती कमी करणाऱ्या अभय योजनेचंही तसंच. पण ज्याची आकारणीच चुकलीय त्यानं सही करण्याआधी थांबावं. लोकअदालतीचा निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. शास्तीचे पाच हजार वाचवायला जाऊन चुकीची मूळ आकारणी कायमची कबूल केली, असे दोघे जण माझ्याकडे नंतर आले. दोघांनाही चहा पाजण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

मोर्च्याबद्दल. मी मोर्च्याच्या विरोधात नाही. निवासी दर 18 आणि अनिवासी 54, म्हणजे तिप्पट. चार बाय सहाच्या टपरीला आणि चार मजली शोरूमला तीच तिप्पट लावणं मला व्यक्तिशः अन्यायाचं वाटतं. हे बदलायला एकट्याची हरकत कामाची नाही, तिथे संघटनाच हवी. पण वेळ चुकते. महापालिकेत पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आपले मोर्चे निघतात एप्रिल-मे मध्ये, बिलं हातात पडल्यावर, उन्हात. तेच निवेदन अंदाजपत्रकाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, लहान दुकानांसाठी क्षेत्रानुसार वेगळा टप्पा करा अशी नेमकी मागणी घेऊन दिलं तर निदान चर्चेला येतं. आणि मोर्च्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र करू नका. जळगावात पालिकेच्या मालकीच्या मार्केटमधल्या गाळ्यांचे करार 2012 ला संपले, त्या भाड्याचा वाद वर्षानुवर्षं चाललाय, तो सगळ्यांना माहीत आहे. ते भाडं आहे, जागा पालिकेची आहे. तुमची घरपट्टी हा कर आहे, जागा तुमची आहे. दोन्ही एका निवेदनात कोंबलं की उत्तर देणाऱ्याला पळवाट मिळते.

गावाबाहेर ग्रामपंचायत हद्दीत धंदा असणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं, कारण सावदा-रावेर पट्ट्यातून केळी पिकवण्याच्या खोल्यांबद्दल सारखं विचारलं जातं. तिथे कर भाड्यावर नाही, भांडवली मूल्यावर असतो, आणि वापराचा भारांक (ज्यानं कर गुणतात तो आकडा) निवासीला 1, औद्योगिकला 1.20, वाणिज्यला 1.25 इतकाच. त्यामुळे वापरावरून फार भांडू नका, नमुना 8 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष आणि प्रकार काय लिहिलाय ते तपासा. अपील पंचायत समितीकडे.

राहिलं तुमचं रिकामं गोदाम. इथे मात्र वाईट बातमी आहे. रिकाम्या जागेच्या करात सूट किंवा परतावा कायद्यात आहे, पण तो जागा रिकामी झाल्याची लेखी सूचना पालिकेला दिल्यापासून मोजतात. 'साहेब, दीड वर्षापासून कुलूप आहे, अख्ख्या बाजाराला माहीत आहे' हे खरं असलं तरी चालत नाही. माझ्याच एका अशिलाच्या डाळीच्या गोदामाचं हेच झालं. तीन वर्षं बंद, वीज तोडलेली, उंदरांनी पोती खाल्लेली, सगळे पुरावे होते, फक्त सूचनेचा कागद नव्हता. एक पैसा सुटला नाही. तुम्ही उद्याच सूचना द्या. कुलपाचा तारखेसह फोटो, शून्य युनिटचं वीजबिल जोडा, आणि दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ती सूचना पुन्हा द्या. मागचं दीड वर्ष गेलं असं समजा. आणि गोदामात स्वतःची जुनी चक्की, दोन पोती, मोडकी खाट ठेवली असेल तर आधी ती हलवा. पाहणीला आलेल्या लिपिकानं 'साठवणुकीसाठी वापर' लिहिलं की संपलं.

अर्जाचा मजकूर मोठा नको. 'मालमत्ता क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी मिळालेल्या नोटिशीस हरकत. एकूण क्षेत्रापैकी 140 चौरस फूट गिरणी, पत्र्याचं छत. 450 चौरस फूट निवासी. 50 चौरस फूट उघडा ओटा. संपूर्ण क्षेत्र अनिवासी आरसीसी धरले आहे, ते दुरुस्त करून वापरनिहाय आकारणी करावी. स्थळपाहणी करावी व मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.' पत्रे आणि उघडा ओटा हे शब्द तसं असेल तरच ठेवा. खाली जोडलेल्या कागदांची यादी. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. शिक्का पुसट उठला तर दुसऱ्यांदा मारून मागा, लाजू नका.

आणि सही कुणाची, हे बघा. तुम्ही 'वडिलोपार्जित' लिहिलंय. नोटीस अजून वडिलांच्या नावानं येत असेल आणि ते हयात नसतील, तर अर्जात 'मयत अमुक यांचे वारस व भोगवटादार' असं लिहून तुम्ही सही करा, मृत्यू दाखल्याची प्रत लावा. भोगवटादाराला, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याला, हरकत घेता येते. नाव लावण्याचा अर्ज वेगळा द्या, त्याला वेळ लागेल, भाऊ-बहिणींच्या सह्या लागतील. त्याच्यासाठी ही हरकत अडवून ठेवू नका.